विंडोज १० संपलं. जुनं लॉक, डॉट मॅट्रिक्स आणि स्कॅनर घेऊन ११ वर जायचं कसं?

शाईकागद
मंडळी, सल्ला हवाय, आणि लग्नसराईचा जोर चढायच्या आधी हवाय.

बेळगावच्या शहापुरात आमचं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल. निम्मं काम मराठीतलं, निम्मं कन्नडमधलं. पुष्कळ पत्रिका दोन्ही भाषांत असतात, कारण मुलगी बैलहोंगलची आणि मुलगा येळ्ळूरचा असं आपल्याकडे चालतंच.

दुकानात तीन संगणक आहेत. एकावर विंडोज ७, ३२ बिट. त्यावर पानं मांडायचं जुनं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं पॅकेज. पॅकेजचं लॉक, म्हणजे नक्कल चालू नये म्हणून दिलेली डबी, मागच्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टला बसतं, ते काढलं की फॉन्ट उघडत नाहीत. दुसऱ्यावर विंडोज १०, सहाव्या पिढीचा आय-थ्री. बिलं, अहवाल आणि डॉट मॅट्रिक्स त्यावर. तिसरा फक्त स्कॅनरसाठी. तोही विंडोज ७ वर, कारण स्कॅनरच्या कंपनीनं त्यानंतर ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते यंत्र चालवू देणारं सॉफ्टवेअर, काढलाच नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. संगणक विकणारे म्हणतात, तिन्ही काढा आणि ११ वाले घ्या. भाचा म्हणतो, चालतंय तोवर हात लावू नको. माझ्याकडे पंधरा-वीस वर्षांच्या फायली आहेत. थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडे केलेली माणसं धाकटीच्या वेळी येऊन "तशीच काढा" म्हणतात. त्या फायली गेल्या तर दुकानाची ओळखच गेली. काय करावं?

लेथवाला
अण्णा, हात लावू नका. उद्यमबागेत आमचं मशीनशॉप आहे. सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या कटाई मशीनला) प्रोग्रॅम पाठवायचा संगणक अजून एक्सपीवर आहे, नऊ पिनी सीरियल पोर्टवाला. धूळ खातो, तेल खातो, पण चालतो. शेजारच्या शॉपमध्ये नवा लॅपटॉप आणि यूएसबी-टू-सीरियल केबल घेतली. महिनाभर छान चाललं. मग एका अपडेटनंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलपुढं पिवळं चिन्ह आणि कोड १०. जॉब अर्धा, मशीन उभं, आणि पार्टी फोनवर.

माळमारुती_टेक
लेथवाला, त्या केबलचं कारण सांगतो, कारण शाईकागदांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. स्वस्त केबलमधली चिप एकतर फार जुन्या पिढीची असते नाहीतर नकली. चिप बनवणाऱ्यानं नव्या ड्रायव्हरमध्ये अशा चिपा ओळखून नाकारायला सुरुवात केली. विंडोज अपडेट तो नवा ड्रायव्हर आपोआप बसवतं आणि काल चाललेली केबल आज चालत नाही. तुमच्या शेजाऱ्यांना सांगा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या केबलचे गुणधर्म उघडा, ड्रायव्हरच्या पानावर 'रोल बॅक' असेल तर दाबा. ते नसेल तर 'अपडेट ड्रायव्हर'मधून संगणकात आधीच असलेल्या ड्रायव्हरांची यादी मागवा आणि जुनी तारीख असलेला निवडा. प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीमध्ये 'विंडोज अपडेटसोबत ड्रायव्हर नकोत' अशी सोय आहे. ती लावली की पुन्हा तसं होत नाही.

२०१४ मध्ये तर एफटीडीआय या चिप कंपनीच्या ड्रायव्हरनं नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता. तो ड्रायव्हर विंडोज अपडेटमधूनच आला होता. जगभर ओरड झाली आणि तो मागे घ्यावा लागला.

आता शाईकागद, तुमच्याकडे वळतो. प्रश्न विंडोज ११ चांगलं की वाईट हा नाही. तुमच्या प्रत्येक उपकरणासाठी ६४ बिटचा, डिजिटल सही असलेला ड्रायव्हर जगात आहे का, एवढाच प्रश्न आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचा प्रोग्रॅम चालतो, पण ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही, कारण तो थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात बसतो. व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीपासून अशा ड्रायव्हरवर डिजिटल सही सक्तीची आहे. म्हणून पेजमेकर कदाचित चालेल, पण लॉकचा ड्रायव्हर अडेल.

लॉकवर नाव आणि मॉडेल काय लिहिलंय ते टाका. स्कॅनरचा हार्डवेअर आयडीही टाका: डिव्हाइस मॅनेजर, गुणधर्म, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज.

निपाणीकरीण
"हात लावू नका" याला माझा विरोध आहे. मी पतसंस्थेत आहे, म्हणून कळकळीनं सांगते. फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आठवतोय का? १२ मे २०१७. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने ज्यांनी हात लावला नाही त्यांचीच कुलपं लागली, आणि त्यात सर्वात जास्त विंडोज ७ वाले होते. ठेवीदारांच्या नोंदी असलेल्या संगणकाला "चालतंय की" म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

लेथवाला
ताई, आमच्या एक्सपीला इंटरनेटच नाही. येणार कुठून?

निपाणीकरीण
पेनड्राइव्हमधून, दादा. आणि ऑफिसच्या त्याच स्विचला तो जोडलेला असेल तर दुसऱ्या संगणकातूनही. वॉनाक्राय नेटवर्कवरूनच एका मशीनमधून दुसऱ्यात जात होता.

लेथवाला
स्विचला आहे खरा. उद्या केबल काढतो.

चंदगडी_पोर
आमच्याकडं अपडेट चालू झालं की लाईट जातीच. ३० टक्क्यांवर थांबलेला तो निळा पडदा बघत बसायचं, आणि इन्व्हर्टरवर आई म्हणते मिक्सर लावूलाले, बंद कर तुझं ते.

संकेश्वरी_मिरची
मिक्सरला मान द्यायलाच हवा. चटणी महत्त्वाची 😄

खानापूर_मास्तर
शाईकागद, स्कॅनरसाठी संगणक टाकू नका. एका पेनड्राइव्हवर विंडोजऐवजी चालणारं मोफत लिनक्स मिंट घ्या आणि त्यावरून मशीन सुरू करा. काही इन्स्टॉल करायची गरज नाही. 'डॉक्युमेंट स्कॅनर' उघडा आणि स्कॅनर दिसतो का बघा. लिनक्समध्ये सेन नावाची व्यवस्था आहे. कंपनीनं सोडून दिलेले असंख्य स्कॅनर तिथं अजून चालतात, कारण ते ड्रायव्हर कंपनीच्या मर्जीवर नसतात. कोणीतरी लिहिलेले आहेत आणि सगळ्यांसाठी खुले आहेत. आमच्या शाळेतले जुने संगणक मी असेच जगवलेत. मुलं त्यावर मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करतात. विंडोजवरच राहायचं असेल तर व्ह्यूस्कॅन नावाचं विकत मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात जुन्या स्कॅनरांचे स्वतःचे ड्रायव्हर असतात. आधी चाचणी आवृत्ती लावून बघा.

कडोलीकर
मास्तर, लिनक्समध्ये प्रिंटर लावताना आमचं डोकं फिरलं होतं. एचपी १०२०. एकदा छापतो, बंद करून चालू केला की गप्प.

खानापूर_मास्तर
त्या प्रिंटरची रचनाच तशी आहे. त्याच्या पोटात फर्मवेअर कायमचं राहत नाही. दर वेळी चालू केल्यावर संगणकानं ते पाठवावं लागतं. एचपीएलआयपी हे लिनक्ससाठीचं एचपीचं सॉफ्टवेअर बसवून त्याचं वेगळं प्लगइन घेतलं की हे आपोआप होतं. प्लगइन मुक्त नाही म्हणून ते मूळ इन्स्टॉलमध्ये येत नाही, ते मागून उतरवावं लागतं.

डीटीपी_अक्का
मास्तरांचं स्कॅनरपुरतं खरं आहे. पण कोणी शाईकागदांना "सगळंच लिनक्सवर न्या" म्हणायला जाऊ नका. त्यांचं दुखणं मला माहीत आहे, कारण मीही गणपत गल्लीत तेच करते.

त्यांच्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये वाचता येणाऱ्या सामायिक पद्धतीत नाहीत. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवलेला असतो. काना वेगळा, अर्धा श वेगळा, रफार वेगळा. फॉन्ट गेला की फाइल उघडली तरी पडद्यावर इंग्रजी कचरा. कन्नडची गत तीच, नुडी आणि बरह या कन्नड टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या कामाची. आणि पेजमेकरला देवनागरीचं युनिकोड येतच नाही. म्हणजे लॉक गेलं की फॉन्ट गेले, आणि फॉन्ट गेले की वीस वर्षांचं काम गेलं. म्हणून माणूस विंडोज ७ ला चिकटून बसतो. त्याला आळशी म्हणू नका.

माझं म्हणणं असं. नवं काम आजपासून युनिकोडमध्ये करा. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये सीएस६ आवृत्तीपासून भारतीय लिप्यांसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर आहे, तो निवडायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. पैसे घालायचे नसतील तर तसल्याच मोफत स्क्रायबस १.६ मध्ये देवनागरी नीट बसते. जुन्या फायलींतला मजकूर कन्व्हर्टरमधून काढता येतो, पण मांडणी पुन्हा करावी लागते आणि ओळ न् ओळ वाचावी लागते. रफार आणि पहिली वेलांटी इथं हमखास घोळ होतो. सगळ्या फायली बदलत बसू नका. गिऱ्हाईक आलं की त्याची तेवढी बदला.

शाईकागद
अक्का, अगदी बरोबर बोललात. पण गिऱ्हाइकाला विंडोजमधला मंगल फॉन्ट नको असतो. ल आणि श हिंदी वळणाचे येतात. एका आजोबांनी तर पत्रिका परत दिली, "आमच्या घराण्याचं नाव असं लिहीत नाहीत" म्हणून.

डीटीपी_अक्का
आजोबा बरोबरच आहेत. 'मुक्त' किंवा 'शोभिका' हे फॉन्ट वापरून बघा, दोन्ही मोफत आहेत. मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की मराठी वळण देणारे फॉन्ट ते अक्षर आपोआप बदलतात. भाषा हिंदी राहिली तर बदलत नाहीत. आधी एक ओळ छापून गिऱ्हाइकाला दाखवा.

हलगा_रोड
फॉन्टवरून आठवलं, दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड हवं हा नियम आल्यापासून फ्लेक्सवाल्यांना दोन लिप्या एकाच डिझाइनमध्ये घ्याव्याच लागतात. जुन्या पद्धतीत दोन पॅकेजं, दोन लॉक. युनिकोडमध्ये एकाच ओळीत दोन्ही येतात. या एका कारणासाठी मी नवीन मशीन घेतलं आणि मला बरं वाटलं.

शाईकागद
लॉकवर नाव पुसट झालंय, पण माळमारुती सर, ते पोर्टवालंच आहे. भाच्यानं युक्ती काढली: यूएसबी-टू-पॅरलल केबल घेऊ, नव्या संगणकाला लावू. चालेल?

माळमारुती_टेक
चालणार नाही, पैसे घालू नका. ती केबल विंडोजला फक्त 'यूएसबी प्रिंटर' म्हणून दिसते. लॉकचा प्रोग्रॅम थेट पोर्टच्या पत्त्यावर, म्हणजे सहसा ३७८ वर, प्रश्न विचारतो आणि लॉक उत्तर देतं. केबलमध्ये तो पत्ताच नसतो. पीसीआय-एक्स्प्रेसचं पॅरलल कार्ड मिळतं, त्यात खरा पोर्ट असतो, पण पत्ता वेगळा पडतो, त्यामुळे जुन्या लॉकांचं काही सांगता येत नाही. त्यावर ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा सोय आहे. नव्या इन्स्टॉलमध्ये ती बहुधा चालूच येते आणि जुन्या धाटणीचे ड्रायव्हर थांबवते. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथं न जमणाऱ्या ड्रायव्हरांची यादी मिळते. लॉकसाठी ती संरक्षक भिंत बंद करा असं मी सांगणार नाही, कारण त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं काम करणार.

फॉन्ट पॅकेजची कंपनी चालू आहे का पाहा. असेल तर बिल आणि जुनं लॉक दाखवून यूएसबी लॉक किंवा नवी आवृत्ती मागा. विकत घेतलेलं आहे, संकोच करू नका.

कंग्राळी_ब्रॉड
११ ला लागणारी टीपीएम ही सुरक्षा चिप नसली तरी रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून ती अट चुकवून ११ बसतं. मी सहाव्या पिढीवर बसवलंय, मस्त चाललंय. उगाच घाबरवू नका लोकांना.

माळमारुती_टेक
बसतं, नाकारत नाही. पण मायक्रोसॉफ्टचं स्पष्ट म्हणणं आहे की टीपीएम २.० आणि त्यांच्या यादीतला प्रोसेसर (इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून) नसेल तर अपडेट मिळतीलच याची हमी नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर पॉपकाउंट ही आज्ञा नसलेले कोअर टू ड्युओच्या काळातले प्रोसेसर सुरूच होत नाहीत. तुम्ही घरी प्रयोग करा. ज्याच्या दुकानात उद्या दुपारी बाराला पाचशे पत्रिका द्यायच्या आहेत त्याला असं मशीन देऊन मी घरी झोपू शकत नाही.

कंग्राळी_ब्रॉड
मान्य. दुकानासाठी मीही नसतं बसवलं.

निपाणीकरीण
दुसऱ्या संगणकासाठी एक मधला रस्ता आहे, कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. वैयक्तिक वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, ईएसयू म्हणतात त्याला. २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसेही लागत नाहीत. पण संस्थेच्या, डोमेनमधल्या मशीनला हे लागू नाही, तिथं कंपन्यांसाठीची वेगळी योजना आहे. आम्ही तर नवी मशीनंच घेतली.

आमचा अडलेला घास होता तो पासबुक प्रिंटर. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी एकच मशीन मागवलं, त्याला सगळे प्रिंटर एकेक करून लावले, आणि मग बाकीची घेतली. तुम्हीही तसंच करा.

कडोलीकर
डॉट मॅट्रिक्स ११ वर चालतो का नक्की? आमच्या दूध सोसायटीची बिलं त्यावरच आहेत. कार्बनची तीन पानं एकदम निघतात, लेझरला ते जमणार नाही.

माळमारुती_टेक
बहुतेक डॉट मॅट्रिक्स एप्सनची आज्ञाभाषा समजतात. त्यामुळे नेमका ड्रायव्हर मिळाला नाही तरी 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' निवडलं की इंग्रजी अक्षरं आणि आकडे निघतात. मराठी मात्र चित्र म्हणून छापावी लागते, तिथं खरा ड्रायव्हरच हवा. आणि ड्रायव्हर हातात असेल तर आजच जपून ठेवा. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केलंय की कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्यानं कमी करणार. पुढचा सगळा भर एकाच सामायिक ड्रायव्हरवर, जो नव्या नेटवर्क प्रिंटरांना चालतो. आपल्या डॉट मॅट्रिक्सना तो चालत नाही.

चालू मशीनमधले ड्रायव्हर बाहेर काढायला विंडोज १० मध्ये पीएनपीयुटिल आहे. ॲडमिन कमांडमध्ये त्याचा एक्स्पोर्ट-ड्रायव्हर पर्याय, पुढं तारांकन आणि फोल्डरचं नाव दिलं की सगळे बाहेरचे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये येतात. तो फोल्डर दोन ठिकाणी ठेवा.

चंदगडी_पोर
हे काम मी दुपारीच केलो. बाबांच्या दुकानातला प्रिंटर वाचला. सर, कुंदा पाठवून देतो.

शाईकागद
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे गेले, काय झालं ते सांगतो.

फॉन्टची कंपनी चालू आहे. जुनं लॉक परत घेऊन सवलतीत यूएसबी लॉकची नवी आवृत्ती देतो म्हणाले, ती मागवली. विंडोज ७ चं मशीन ठेवलंय, पण नेटवर्कची केबल काढली आहे. त्यावर फक्त जुन्या फायली उघडायच्या, आणि त्यांची प्रत दोन डिस्कवर घेतली. त्याच्यासाठी ठेवलेला पेनड्राइव्ह दुसरीकडं कुठंच लावायचा नाही असं भाच्याला बजावलंय. स्कॅनर मिंटवर पहिल्या झटक्यात दिसला, मास्तर. तुमचे उपकार. त्या मशीनवर आता मिंटच बसवलं. आय-थ्रीवर ईएसयू घेतलं. आणि निपाणीच्या ताईंचं ऐकून नवं मशीन एकच घेतलं, ११ वालं. अक्कांनी सांगितलेल्या 'मुक्त' फॉन्टमध्ये पहिली पत्रिका गेली. आजोबांनाही दाखवली, त्यांनी घराण्याचं नाव बोट ठेवून वाचलं आणि "हं, हे आपलं" म्हणाले.

एक नवीन अडचण आली आहे. झेरॉक्स मशीनमधून स्कॅन थेट संगणकाच्या शेअर फोल्डरमध्ये यायचा. विंडोज १० वर येतो, ११ वर येत नाही.

माळमारुती_टेक
अपेक्षित होतं. २४एच२ मध्ये फाइल शेअरिंगवर डिजिटल सही सक्तीची केली आहे आणि प्रोमध्ये पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून येणंही बंद. तुमचं झेरॉक्स मशीन जुनं असेल तर ते एसएमबीच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या भाषेच्या, पहिल्या आवृत्तीवर बोलत असेल. ती तर २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून नव्यानं बसवलेल्या विंडोजमध्ये चालू नसते. ती चालू करू नका, वॉनाक्राय त्याच दारातून आला होता. झेरॉक्सच्या मेनूमध्ये एफटीपी (फायली पाठवायची दुसरी पद्धत) किंवा ईमेलवर स्कॅन असा पर्याय आहे का बघा. नाहीतर त्याच्या यूएसबी तोंडाला पेनड्राइव्ह.

शाईकागद
एफटीपी दिसतंय. मिंटच्या मशीनवर ते घेता येईल का, मास्तर?

खानापूर_मास्तर
येईल. व्हीएसएफटीपीडी हा एफटीपीचा प्रोग्रॅम बसवा आणि झेरॉक्ससाठी एक वेगळा वापरकर्ता करा, त्याला फक्त स्कॅनचा फोल्डर द्या. रविवारी बेळगावला येतोय, दुकान उघडं असेल तर बसवून देतो.

शाईकागद
रविवारी दुपारी दोनपर्यंत आहे. या, वाट बघतो.

लेथवाला
मास्तर, तसंच पुढं उद्यमबागेत येता का? एक्सपीच्या मशीनवरचे सगळे प्रोग्रॅम कुठंतरी उतरवून ठेवायचेत, आणि त्यावर पेनड्राइव्ह लावायला आता भीती वाटूलाले.